फुकटची प्लेट आणि परतीची भेट

मी एक जुनी सोलर प्लेट आहे. जपानमधल्या इना खोऱ्यातल्या हिसानोआजींच्या कौलांवर मी माझ्या बहिणींसोबत ऊन खात पडलेली असते. मित्रांनो, आपली कहाणी सांगताना गोड बोलावे म्हणतात. पण मला राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे तपासणाऱ्या बाईने माझ्यावर दिव्याचा झोत टाकला आणि "छान निघाली ही," म्हणाली. पुढे कित्येक वर्षे तेवढेच कौतुक मला पुरवून पुरवून वापरावे लागले.

मग मिझोगुची नावाचा विक्रेता तांदळाच्या बिस्किटांचा डबा घेऊन आजींच्या उंबऱ्याशी गुडघे टेकून बसला.

"एक येनही नको, आजी. प्लेटा आमच्या, बसवणार आम्ही. छप्पर तेवढं तुमचं. दहा वर्षांनी सगळं तुमचंच!"

दारी आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणणे आजींच्या रक्तातच नाही. शेजारच्या कुराताआजोबांनी साठवलेल्या पैशांतून स्वतःच्या प्लेटा विकत घेतल्या होत्या. ते कुंपणावरून ओरडले, "अहो हिसानो-सान, फुकट कसलं डोंबलाचं! तुमच्याच छपरावरची वीज ते तुम्हालाच विकणार. उरलेली बाहेर विकणार."

"असू द्या हो. बिल तर उतरेल ना?"

"उतरेल. पण उद्या छपरावर हुकूम कुणाचा चालणार, ते विचारून ठेवा."

आजींनी विचारले नाही. बिस्किटे आणणाऱ्या माणसाला असे विचारणे त्यांना बरे दिसेना. बिल मात्र खरेच उतरले, ते मी नाकारत नाही.

अंगणात पर्सिमनचे झाड होते. आजींच्या नवऱ्याने लग्नाच्या वर्षी लावलेले. दर शरदात त्याची टोमॅटोएवढी गोड केशरी फळे सोलून, दोरीत ओवून वळचणीला वाळत पडत. शेंड्यावरचे एक फळ मात्र आजी कधीच तोडू देत नसत. ते पाखरांसाठी, आणि झाडाची राखण करायला. दुपार कलली की झाडाची सावली माझ्यावर येई. वीज थोडी घटे, पण तापलेल्या अंगाला बरे वाटे.

घटलेली वीज मिझोगुचीच्या कंपनीला दिसली. मिझोगुची पुन्हा आला. झाड तोडा असे तो म्हणालाच नाही. मान खाली घालून एवढेच म्हणाला, "त्या सावलीनं आमची फार अडचण होते हो, आजी."

आमच्याकडे भेट घेतली की निम्म्या मोलाची तरी परतीची भेट द्यावी लागते. आजी मला भेट समजून बसल्या होत्या! दरवर्षी त्याला वाळवलेल्या फळांची पेटी पाठवूनही त्यांच्या मनावरचे ओझे उतरत नव्हते. त्या म्हणाल्या, "काढा झाड. एवढं मोठं घेतलंय तुमच्याकडून, परतीचं काहीतरी द्यायलाच हवं."

मला तडकून जावेसे वाटले. अहो आजी, मी भेट नाही, मी दुकान आहे! तुमच्या डोक्यावर थाटलेले दुकान! पण प्लेटेला तोंड कुठे असते? मिझोगुचीला तोंड होते. ही भेट नव्हे, एवढे तो सांगू शकला असता. तो फक्त कमरेत वाकला आणि झाड घेऊन गेला.

कुराताआजोबा धावत आले तेव्हा बुंधाच उरला होता. ते संतापून म्हणाले, "माझ्याही प्लेटांवर माझ्या झाडाची सावली पडते की! मी सोसतो. प्लेटा माझ्या, झाडही माझं."

"मग यातलं माझं असं काय होतं, कुराता-सान?" आजींनी विचारले.

आजोबांनी बुंध्यासमोर टोपी काढली.

आता दहा वर्षांचा करार संपला आहे. मी म्हातारी झाले, काच धुरकटली, दुरुस्ती निघू लागली, तेव्हा कुठे मी आजींची झाले. मित्रांनो, मला विकत घ्या नाहीतर फुकट बसवा, ते तुमच्या ऐपतीवर. पण छपरावर चढवण्याआधी धीट होऊन विचारा, मी कोणाची? आणि सौद्याला भेट समजून घरातले काही देऊन बसू नका.

यंदाच्या शरदात एक बुलबुल आला. बुंध्यावर घिरट्या घालून माझ्यावर येऊन बसला. आजींनी ते पाहिले. कुराताआजोबांनी दिलेल्या टोपलीतले एक पर्सिमन त्यांनी माडीच्या खिडकीतून हात लांबवून माझ्या कडेला ठेवले. बुलबुलाने ते खाल्ले आणि माझी काच भरवली.

"घाण केली की गं तुझी," आजी मला म्हणाल्या. पुसायला मात्र त्या उठल्या नाहीत.

त्या दिवशी वीज थोडी कमी झाली. कुणाचीही अडचण झाली नाही.