न दिसलेलं बोलणं

"तुझी आई दिसत नाही. काय बिघडलंय ते येऊन बघ."

बाबांचा हा मेसेज आला तेव्हा मुलगी ऑफिसात होती. तिने तो पुन्हा एकदा वाचला, साहेबांना काहीतरी थाप मारली आणि सरळ घर गाठलं.

बाबा वेल्डर होते, नुकतेच निवृत्त झालेले. त्यांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं. जहाजं बांधायच्या कारखान्यात बाकीचे लोक कानात बोळे घालूनही वैतागायचे. "एवढ्या गोंगाटात मीच काय तो सुखी," असं बाबा खुणांनी सांगायचे आणि स्वतःच हसायचे. कारखाना दुसऱ्या शहरात होता, त्यामुळे घरी येणं महिन्यातून एकदाच. आईलाही ऐकू येत नसे. ती घरी शिवणकाम करायची. फोनवर बोलायची सोय नाही, म्हणून ती मोबाइल शिलाई मशीनला टेकवायची, समोर बसून खुणांनी मनसोक्त बोलायची आणि तो व्हिडिओ बाबांना पाठवायची. घरात ऐकू येणारी एकटी मुलगीच.

आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. तिच्या मोबाइलमधले सगळे व्हिडिओ मुलीने तेव्हाच एका पेनड्राइव्हमध्ये काढून ठेवले होते. आता बाबांनी नवा कॉम्प्युटर घेतला आणि त्यावर एकही व्हिडिओ धड लागेना.

मुलीने एक फाइल उघडली. चौकट काळीच राहिली, पण स्पीकरमधून मशीनची घरघर आली, कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज आला आणि मग आईचं हसू. घशातून येणारं, जरा खरखरीत. मुलगी जागच्या जागी थबकली.

"काय झालं?" बाबांनी तिच्या खांद्याला हात लावून खुणेने विचारलं.

"आवाज येतोय. फक्त चित्र नाही."

बाबांनी हात झटकले. "आवाज घेऊन मी काय करू?"

मुलीने खटपट सुरू केली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, काही फरक नाही. शेवटी तिने दुसरा प्लेअर उतरवून घेतला आणि त्यात तीच फाइल टाकली. चौकट उजळली. आई समोर बसली होती, गळ्यात टेप, ओठांत टाचणी. एका गिऱ्हाइकाची नक्कल चालली होती. कोटाच्या मापापेक्षा त्या बाईची बढाई मोठी, असं ती दोन्ही हात फाकवून सांगत होती. बाबा मान मागे टाकून हसले. मग एकामागून एक व्हिडिओ लागत गेले. दाढी करूनच घरी या, नाहीतर दारातून परत पाठवीन. नवा पडदा लावलाय, आल्यावर आधी त्याचं कौतुक करा.

शेवटची फाइल मात्र याही प्लेअरमध्ये उघडेना. तिची तारीख बघून मुलीने बाबांकडे पाहिलं.

"ही दवाखान्यातली आहे. तुम्हाला कधी आलीच नव्हती?"

"पाठवायची राहिली असेल," बाबा म्हणाले. "तू पेनड्राइव्ह दिलास तेव्हा दिसली होती मला. पण उघडायला हात धजेना."

"का?"

बाबांचे हात आता सावकाश हलू लागले. "तुझा निरोप आला तेव्हा जहाजाच्या तळाचं काम अर्ध्यात होतं. साहेब म्हणाला, एवढी पाळी संपवून जा. मी संपवली. पोचलो तेव्हा खाट रिकामी होती. ती रागावून गेली असेल. ते बघायची भीती वाटत होती. आज धीर केला, तर हे असं."

दुसऱ्या दिवशी दोघं दुरुस्तीच्या दुकानात गेली. दुकानातल्या बाईने चष्मा कपाळावर चढवून सगळं ऐकून घेतलं आणि आईच्या त्याच मोबाइलवर काढलेला एक चांगला व्हिडिओ नमुन्यासाठी मागून घेतला.

तिने बोलावलं तेव्हा मुलगी एकटीच गेली.

"आवाज वाचला," बाई म्हणाली. "चित्र गेलं. रेकॉर्डिंग चालू असतानाच मोबाइलची बॅटरी संपली असणार, फाइल नीट बंदच झाली नाही. मी सगळे उपाय करून पाहिले हो. नुसते करडे ठोकळे येतात."

"माझ्या बाबांना ऐकू येत नाही," मुलगी म्हणाली.

बाईने चष्मा काढून हातात घेतला.

घरी मुलीने फाइल लावली आणि बाबांसमोर बसली. जे ऐकू येईल ते ती खुणांनी सांगत गेली. बाहेर कुणीतरी ढकलगाडी नेतंय. शेजारच्या खाटेवरची बाई खोकतेय. चादर सरकली. मग टक, टक, टक. आईच्या हाताला सलाइनची नळी होती. हात हलला की नळीचा चाप खाटेच्या दांडीवर आपटत होता.

"म्हणजे बोलतेय," बाबा पुढे सरकले. "काय म्हणतेय?"

मुलीचे हात वर आले. लवकर या, म्हणतेय. काळजी घ्या, म्हणतेय. काहीही सांगता आलं असतं आणि बाबांनी ते खरं मानलं असतं. तिने हात मांडीवर ठेवले. थोड्या वेळाने पुन्हा उचलले.

"हात हलल्याचा आवाज येतोय, बाबा. शब्द कळत नाहीत."

बाबा उठून स्वयंपाकघरात गेले. धुतलेलाच पेला त्यांनी पुन्हा धुतला, पुसला, फडताळात ठेवला. परत आले.

"किती वेळ बोलली?"

"मोबाइल बंद पडेपर्यंत."

"मध्ये थांबली नाही?"

"दमत होती. श्वास ऐकू येतो. थोडं थांबते आणि परत बोलायला लागते."

"रागावली असती तर एवढं बोलली नसती," बाबा म्हणाले. "रागावली की हात काखेत घालून बसायची. हो ना?"

"हो," मुलगी म्हणाली. हे तिलाही ठाऊक होतं.

"पण मला बघायचं होतं गं," बाबा म्हणाले आणि त्यांचे हात तिथेच थांबले.

ते रडू लागले. आपला आवाज किती मोठा होतोय हे त्यांना कळत नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या काकू धावत वर आल्या आणि दार वाजवू लागल्या. मुलीने दार किलकिलं केलं. "काही नाही काकू, बाबा आहेत," म्हणाली आणि दार लावून पुन्हा त्यांच्याजवळ जाऊन बसली.