दुसऱ्या रंगाची जाळी

आत्मारामकाकांच्या हाताला अख्ख्या प्रयोगशाळेत तोड नव्हती. पानातला विषाणू बघायचा तर नखाच्या टोकाएवढी तांब्याची जाळी चिमट्यात धरायची, तिच्यावर पानाच्या रसाचा थेंब, मग रंगाचा थेंब, आणि टीपकागदाने कडेकडेने ओल शोषून घ्यायची. शिकाऊ वेदिकाच्या दहातल्या सहा जाळ्यांचा यातच निकाल लागायचा. काका पुढच्या शुक्रवारी निवृत्त होणार, म्हणून ती त्यांची पाठ सोडत नव्हती.

रंग दोन होते. दोन्ही विषाणूला रंगवत नाहीत, भोवतीची जागा काळी करतात. अंगणात सडा घालताना पान पडलेलं असेल, तर ते उचलल्यावर खाली तेवढीच कोरडी जागा दिसते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणू तसाच उजळ दिसतो. टंगस्टनचा रंग काकांचा रोजचा. युरेनियमचा थोडा किरणोत्सारी, कुलपात ठेवलेला, काढायला दोन सह्या लागणारा. एवढी यातायात कोण करणार? वेदिकाने केली, कारण तिला दोन्ही रंगांची तुलना करायची होती. विषाणू नसताना नुसत्या रंगाचा कचरा किती दिसतो ते कळावं म्हणून तिने मुद्दाम निरोगी पानं घेतली, केळशीच्या गंगारामांच्या मिरीवेलाची. गेल्या वर्षी काकांनीच तो वेल रोगमुक्त ठरवला होता. त्याची चारशे रोपं सोमवारी गावोगाव जाणार होती.

टंगस्टनच्या जाळीवर काही नव्हतं. युरेनियमच्या जाळीवर मोहरी सांडावी तसे गोल कण होते.

तिने तीनदा करून पाहिलं. मग उमगलं, की हा विषाणू नाजूक आहे. टंगस्टनच्या रंगात तो फुटून विरतो, युरेनियमच्या रंगात टिकतो. म्हणजे काकांनी पास केलेला वेल रोगीच होता. काकांना सूक्ष्मदर्शकाचा पडदा दाखवताना तिने त्यांना पळवाटही करून दिली, की माझंच काहीतरी चुकलं असेल.

काका पडद्यावर वाकले.

"तुझं काय चुकलेलं नाय गो," ते म्हणाले. "किती सुंदर दिसतायत. इतकी वर्षं मी यांना बघितलंच नाय."

स्वतःची चूक समोर दिसत असताना तिच्यातलं सौंदर्य आधी पाहणारा माणूस वेदिकाला याआधी भेटला नव्हता. तिचे डोळे भरून आले.

काकांनी तिथूनच गंगारामांना फोन लावला. "वेल मी पास केलेला, तो रोगी निघाला. सह्यांचा कंटाळा केला, एकाच रंगावर विसंबलो. रोपं कोणाला देऊ नका."

पलीकडून गंगारामांनी एवढंच विचारलं, "नि बाकीच्यांचे वेल?"

काकांनी फोन ठेवला, कपाटातून जुनी रजिस्टरं काढली आणि एकोणीस वर्षांपूर्वीचं पहिलं पान उघडलं. रोगमुक्त ठरवलेल्या प्रत्येक वेलापुढे त्यांची सही होती.

"नऊ दिवस हायत माझ्याकडे," ते म्हणाले. "तू रंग तयार कर. पानं मी मागवतो."

आणि त्यांनी पहिल्या नावाचा नंबर फिरवला.