सातवा फोन

ताईंनी ड्रायव्हरला स्वेटर उलटा घालायला लावला. हिरवा रंग एका उमेदवाराचा होता, आणि मतदानाच्या दिवशी संस्थेची गाडी चालवणाऱ्या माणसाला रंग असू नये, असं त्यांचं म्हणणं. उलट्या बाजूने स्वेटर राखाडी होता, शिवणी सगळ्या बाहेर आल्या होत्या, आणि ड्रायव्हर अंधारात कपडे चढवून पळालेल्या माणसासारखा दिसत होता.

त्याआधी ऑफिसातली किटली कपाटात गेली होती. दुसऱ्या उमेदवाराची निशाणी किटली.

"किटली लपवली, म्हणजे किटलीच्या विरोधात प्रचारच झाला की, ताई," ड्रायव्हर म्हणाला.

ताईंनी क्षणभर विचार केला आणि नोंदवहीत लिहिलं: किटली कपाटात, कारण तटस्थता. मग सगळे दिवसभर बिनचहाचे तटस्थ राहिले.

तसं पाहिलं तर हसण्यावारी नेण्यासारखं काही नव्हतं. म्हाताऱ्या, आजारी माणसांना दवाखान्यात फुकट नेणारी तेवढी एकच गाडी होती. संस्थेला करमाफी होती, देणगी देणाऱ्यांनाही करात सवलत मिळे, आणि म्हणूनच देणग्या येत. कायदा सरळ होता. संस्थेने कुणा एका उमेदवाराला काडीचीही मदत केली, की माफी गेली. माफी गेली की देणग्या गेल्या, आणि देणग्यांमागोमाग गाडी. मतदानाला लोकांना नेता येत होतं, पण जो फोन करेल त्याला, आणि फोन येतील त्या क्रमाने. हा नियम ताईंनीच आपल्या वळणदार अक्षरात लिहून भिंतीवर लावला होता. त्यातून हिरव्या रंगाचा उमेदवार म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. त्यामुळे ताई नियम नुसते पाळत नव्हत्या, त्यांचे लाड करत होत्या.

सातवा फोन सव्वाआठला आला. हेडबाईंचा. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, वय शहाऐंशी, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ताईंना आणि भावाला, दोघांनाही त्यांनी शिकवलं होतं. तयार आहे, गाडी कधी येईल, एवढंच त्यांनी विचारलं.

पंधरा दिवसांपूर्वी भाऊ त्यांच्या दारात मत मागायला गेला होता. रात्री जेवताना तो ती हकिकत रंगवून सांगत होता. हेडबाईंनी म्हणे त्याला चष्म्यावरून न्याहाळलं आणि विचारलं, पाचवीत प्रगतिपुस्तकावर वडिलांची खोटी सही सापडली होती, तो तूच ना? आठवडाभर वर्गाबाहेर उभा होतास. तो म्हणाला, हो बाई, मीच. हे सांगताना भाऊ हसत हसत ताईंकडे बघत राहिला. ताई पाणी आणायला उठल्या. तांब्या समोर भरलेला होता.

"सातवा नंबर हेडबाईंचा," ड्रायव्हर किल्ली फिरवत म्हणाला.

"तीन जिने आहेत त्यांना," ताई नोंदवहीतून मान वर न करता म्हणाल्या. "वेळ मोडेल. आठवा नंबर उरकून घे आधी."

आठवा झाल्यावर नववा वाटेतच होता. दहाव्याला दम्याचा त्रास. अकराव्याला थांबवणं बरं दिसलं नसतं. प्रत्येक वेळी कारण अगदी खरं होतं, आणि ताईंनी प्रत्येक कारण शेऱ्याच्या रकान्यात स्वच्छ लिहिलं. चौदा खेपांत हेडबाईंची खेप चौदावी झाली. सहाला पाच मिनिटं कमी असताना ड्रायव्हर वर पोचला. खुर्चीत बसवून त्याने त्यांना खाली आणलं. गाडी केंद्रावर पोचली तेव्हा शिपाई फाटकाला कडी घालत होता.

"सकाळपासून दारातच बसल्या होत्या," गाडी लावून आल्यावर ड्रायव्हरने सांगितलं. "पायात चपला, हातात ओळखपत्र. परत सोडलं तर मलाच थँक्यू म्हणाल्या."

त्याने स्वेटर काढला, सुलट केला आणि पुन्हा घातला. ताईंनी किटली बाहेर काढली, पण चहा ठेवायचं काही त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

निकालात भाऊ नऊशे मतांनी पडला. चार दिवसांत तो पुन्हा आपल्या टायरच्या दुकानात मजेत बसायला लागला. ताईंना मात्र ते नऊशे काही केल्या पचेनात. दहा-वीस मतांनी पडला असता, तर निदान कशासाठी केलं ते तरी सांगता आलं असतं.

दुसऱ्या आठवड्यात करमाफी तपासणारे निरीक्षक आले. मतदानाला गाडी काढणाऱ्या प्रत्येक संस्थेची तपासणी व्हायचीच. त्यांनी चौदाही प्रवाशांना पत्रं पाठवून उत्तरं मागवली होती. नोंदवही चाळताना किटलीपाशी ते थांबले. पुन्हा वाचलं. अशी नोंदवही आपण नोकरीत पाहिली नाही, असं ते म्हणाले, आणि ते खरंच असावं.

"सातवा फोन चौदाव्या खेपेला गेला," ताई आपणहून म्हणाल्या.

"हो, दिसलं मला. पण बाईंचं उत्तर आलंय ना."

त्यांनी कागद पुढे केला. हेडबाईंचं अक्षर अजून ओळीवर बसलेलं होतं. गाडीला उशीर झाला नाही. माझीच तयारी व्हायची होती, म्हणून मीच गाडीला नंतर या म्हणून कळवलं होतं. खाली सही.

ताईंनी ते दोनदा वाचलं. ज्या बाईने आयुष्यभर अर्धा मार्कसुद्धा कुणाला फुकट दिला नाही, तिने तीन ओळींत तीन थापा मारल्या होत्या.

"साहेब, उमेदवार माझा भाऊ होता."

"माहीत आहे. आडनावावरून कळतं." निरीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं, पण पेन कागदावर टेकवलं नाही. "ताई, तुम्ही पुढे काही बोललात तर मला ते लिहावं लागेल. आणि मी लिहिलं, की वर त्याचं काय होईल, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे."

खिडकीबाहेर ड्रायव्हर एका आजोबांना काखेत हात घालून गाडीत चढवत होता. आजोबा आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जात. एक पाय आत, एक बाहेर, असे ते मधेच थांबून श्वास घेत होते.

"काही नाही," ताई म्हणाल्या. "तीन जिने आहेत त्यांना."

निरीक्षकांनी टोपण लावलं आणि चहा मिळेल का, असं विचारलं.

पुढच्या मंगळवारी हेडबाईंना डोळे तपासायला जायचं होतं. ताईंनी त्यांचं नाव पहिलं लावलं आणि स्वतःच गाडीत बसल्या. ड्रायव्हरला खाली थांबवून त्या जिना चढल्या. चढताना घड्याळ बघायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. बघितलं. दोन मिनिटं लागली.

दार उघडंच होतं. दारातल्या खुर्चीत हेडबाई बसल्या होत्या, पायात चपला, मांडीवर पिशवी.

"आज पहिला नंबर वाटतं माझा," त्या म्हणाल्या.

एका चपलेचा पट्टा सुटला होता. तो लावायला ताई खाली वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. पट्टा कधीच लागला होता.

"बाई, तुम्ही ते पत्र..."

"ते गाडीसाठी होतं. तुझ्यासाठी नव्हतं."

खाली हॉर्न वाजला. हेडबाईंनी काठी उचलली नाही.

"भाऊ तुझा बरा आहे ना? आठवडाभर बाहेर उभा राहिला, पण तोंडातून शब्द काढला नाही. त्याच्या अक्षराला इतकं वळण कुठून येणार होतं? मला पहिल्याच दिवशी कळलं होतं." त्यांनी पिशवीचे बंद नीट जुळवले. "म्हटलं, मोठी येईल सांगायला. बेचाळीस वर्षं झाली त्याला."

ताईंनी लागलेला पट्टा सोडला आणि पुन्हा लावला.

"या वेळी तेवढी लावू नकोस, बाळ. माझं वय बघ."

खाली पुन्हा हॉर्न वाजला. ताईंनी जिन्याच्या तोंडाशी जाऊन ड्रायव्हरला थोडा वेळ लागेल म्हणून सांगितलं. मग त्या परत आल्या आणि हेडबाईंसमोर, दाराबाहेर, उभ्या राहिल्या.