जरबेराच्या देठातली तार

मी जरबेराच्या देठातली तार बोलतेय. काळवंडलेय, वाकलेय; पण जिथून परत आले, तिथून आलेली तार तुम्ही पाहिली नसेल. माझा मलाच अजून विश्वास बसत नाही.

गीतांजलीचं अमरावतीच्या राजापेठेत फुलांचं दुकान आहे. लग्नाचे मंच ती असे सजवते, की घाईतला माणूसही थबकतो. जरबेराचं फूल देखणं, पण मान नाजूक. मांडवातल्या उकाड्यात लवकर खाली बघतं. म्हणून ती मला देठात सरकवते, वर हिरवी पट्टी गुंडाळते. फूल ताठ, गिऱ्हाईक खूश. कौतुक फुलाचंच होतं. माझी तक्रार नव्हती. धंद्यात टेकू देणारा फोटोत कधी येत नाही.

अकोल्यातलं लग्न असलं, की बार्शीटाकळीच्या माणिकबाई तिला शेवंती पुरवत आणि उरलेली फुलं आपल्या चंद्री गायीसाठी नेत. रीत जुनीच. सुती दोऱ्यातला हार गाय दोऱ्यासकट खाई, काही बिघडत नसे.

अशाच एका लग्नात वरबापानं फूल खरं की प्लास्टिकचं, म्हणून देठाला चिमटा घेतला. मी टोचले. बोट चोखत तो म्हणाला, “फुलाले हाड कदीपासून आलं?” सगळे हसले. माणिकबाईसुद्धा.

लग्न उरकल्यावर गीतांजलीनं स्वतः पोतं भरलं. चंद्रीला आज शाही जेवण, असं माणिकबाईंना सांगत तिनं जरबेराही प्रेमानं कोंबले. मला काढायचं तिच्या मनातच आलं नाही.

गाय आधी गिळते, मग निवांत चावते. मला कशी चावणार? पोटात पट्टी सुटली, माझं टोक उघडं पडलं. चंद्रीनं श्वास घेतला की मी आणखी रुतायचे. थांबता येईना. फुलांच्या माना सावरणारी मी, एका मुक्या जिवाच्या काळजाकडे सरकत होते!

चंद्रीनं चारा सोडला. रवंथ थांबला. पाठ वाकवून ती कण्हू लागली. माणिकबाईंनी आधी दृष्ट काढली. शेवटी गुरांच्या डॉक्टरांनी कुशीला चीर देऊन पोट उघडलं, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि मला बाहेर काढलं.

काही दिवसांनी माणिकबाई मला पदराच्या गाठीत बांधून एसटीनं अमरावतीला आल्या. गीतांजली गुलाबांचे काटे काढत होती. त्यांनी मला टेबलावर ठेवलं.

“हे तार तुहीच हाये ना, पोरी?”

“हो काकू. कुठं सापडली?”

“चंद्रीच्या पोटात.”

गीतांजलीनं हातातला गुलाब बाजूला ठेवला, मला उचलून माझं टोक बघितलं. गाय जगली का, हे विचारायचीही तिची हिंमत होईना.

“जगली,” माणिकबाई म्हणाल्या. “काल चारा खाल्ला. तुले एकटीले काय बोलू? त्या दिवशी मीबी हसलीच होती. पण आता फुलं देजो बाई, हाडं नको देऊ.”

मी आता गीतांजलीच्या टेबलावरच्या खिळ्याला टांगलेली असते. पोतं भरताना ती एकेक देठ चाचपते, तार काढते. मोकळा झालेला जरबेरा लगेच मान टाकतो. टाकू दे.

तुमच्या घरीही गुच्छ येतील, सुकतील. बाहेर फेकण्याआधी देठ चाचपून बघा. आत मी असले तर काढून घ्या. त्या अंधारात मला पुन्हा जायचं नाही.