न पुसलेला फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. शाळेच्या भिंतीवरचा काळा फळा नव्हे. मी काखेत मारून नेता येईल एवढा, पांढऱ्या गुळगुळीत पत्र्याचा फळा आहे. माझ्या अंगावर बास्केटबॉलचं मैदान छापलेलं आहे. इंदूरच्या स्नेहलतागंजमधल्या एका क्रीडा मंडळाच्या ऑफिसात मी खिळ्याला टांगलेला असतो. माझ्या गळ्यात प्लास्टिकच्या झेंडूंचा हार आहे.

जुन्या वस्तू बोलू लागल्या की आपली आबाळ झाल्याचं सांगतात. माझी आबाळ झाली नाही. माझं फार कौतुक झालं. ते झालं नसतं तर बरं झालं असतं.

माझा जन्म पालद्यातल्या एका लहान कारखान्यात झाला. तिथे एक म्हातारे कारागीर प्रत्येक फळ्यावर शाईने रेघ ओढत आणि फडक्याने पुसून बघत. रेघ पूर्ण गेली तर फळा पास. जराही डाग राहिला तर तो भंगारात. माझ्यावरची रेघ एका हातात गेली. "हा चांगला आहे," असं ते म्हणाले. माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी मला पुसलं गेल्याबद्दल मिळाली, हे लक्षात ठेवा.

मला विकत घेतलं जयसिंगरावांनी. ते मंडळातल्या मुलींना बास्केटबॉल शिकवायचे. त्यांचे पणजोबा होळकरांच्या फौजेत घोडेस्वार होते. आता घरात घोडा नव्हता, पण पणजोबांची तलवार होती आणि सरांची पाठ अजून घोड्यावर बसल्यासारखी ताठ असायची. त्यांच्या मदतीला विनीताताई होती. ती लहानपणी त्यांच्याच हाताखाली खेळली होती. दिवसभर बँकेत काम करून संध्याकाळी ती थेट मैदानावर यायची.

माझ्यासोबत दहा चुंबकं होती, पाच लाल आणि पाच निळी. लाल म्हणजे आपल्या मुली, निळी म्हणजे समोरच्या. सर चुंबकं मांडायचे, शाईने बाण काढायचे, कोणी कुठे पळायचं ते समजावायचे. मग खिशातला रुमाल काढून सगळं पुसायचे आणि नवा डाव मांडायचे. रोज संध्याकाळी माझ्यावर वीस-पंचवीस डाव जन्माला यायचे आणि जायचे. सरांच्या रुमालाचं एक टोक कायम निळं असे. अशी दहा वर्षं गेली. ती माझी चांगली वर्षं.

मग तो अंतिम सामन्यांचा आठवडा आला. आमची गाठ मानपूरच्या संघाशी होती. एकूण तीन सामने, तिन्ही खेळायचेच, त्यातले दोन जिंकेल तो विजेता. आमच्या संघात शमिका होती. सतरा वर्षांची, हरणासारखी चपळ. तिला पुण्याच्या एका कॉलेजात खेळाडूंच्या राखीव जागेवर प्रवेश हवा होता. घरच्या परिस्थितीत दुसरा मार्ग नव्हता. त्यासाठी राज्याच्या संघात निवड व्हायला हवी होती आणि निवड करणारी मंडळी तिसऱ्या सामन्याला येणार होती.

आमचा संघ कसा होता ते सांगतो. आमचं बळ म्हणजे वेग. मानपूरच्या मुली उंच होत्या, पण वळायला वेळ घ्यायच्या. म्हणून सरांनी पहिल्या सामन्यासाठी एक डाव काढला. दणकट अनुश्रीने बास्केटच्या उजव्या बाजूला भिंतीसारखं उभं राहायचं. शमिकाने तिला घासून उजवीकडून आत शिरायचं. तिच्यामागे लागलेली मुलगी अनुश्रीवर अडकायची, आणि तेवढ्यात शमिका बास्केटखाली पोहोचायची. बाकीच्या तिघींनी डावीकडे सरकून रस्ता मोकळा ठेवायचा. त्या तिघींत रुची होती. ती डावखुरी. डाव्या कोपऱ्यातून ती लांबून चेंडू टाकायची आणि दहातले सहा आत जायचे. पण माझ्यावर तिच्याकडे जाणारा एकही बाण नव्हता. तो आमचा दुबळेपणा होता. त्या दिवशी तो कोणाला दिसला नाही, कारण आम्ही आठ गुणांनी जिंकलो.

मुली नाचल्या. सरांनी रुमाल काढला, माझ्याकडे बघितलं आणि रुमाल परत खिशात ठेवला.

"हा डाव राहू दे. लकी आहे," ते म्हणाले.

दोन दिवसांनी दसरा होता. सरांच्या घरी दसऱ्याला तलवारीची पूजा होते. आदल्या दिवशी ती राखेने घासतात, तेल लावून लखलखीत करतात, मग पाटावर ठेवतात. त्या वर्षी तलवारीशेजारी मला ठेवलं. त्याआधी सरांनी डावाच्या रेघा फिक्या पडल्या म्हणून त्या पुन्हा गिरवल्या. हाताशी आली ती जाड काळी मार्करपेन घेतली. पार्सलवर पत्ता लिहितात ती, कधीही न जाणाऱ्या शाईची. शमिकाचं लाल चुंबक बाणाच्या टोकाशी होतं. ते न हलवता त्यांनी त्याच्याभोवती रेघ नेली. मग मला कुंकू लावलं, आपट्याचं पान वाहिलं.

पूजेला विनीताताई आली होती. ती थोडा वेळ बघत उभी राहिली.

"सर, तलवार तर तुम्ही घासूनपुसून पूजता," ती म्हणाली.

"मग?"

"मग हा न पुसताच का ठेवला?"

सर हसले. "विनीता, बँकेत बसून तू बहुत हिशोबी झाली आहेस. जमलेल्या गोष्टीला छेडायचं नसतं."

"त्यांनी एकदा बघितलाय तो डाव. परत चालेल का? रुचीला एक बाण द्या ना. शमिकाला रोखलं तर चेंडू कुठे जाणार?"

"रोखलं तर ना," सर म्हणाले. "शिरा घे आधी. थंड होतोय."

तिने शिरा घेतला. मित्रांनो, ती आणखी बोलली असती तर, असं मला पुष्कळदा वाटतं. पण ज्यांच्याकडून चेंडू धरायला शिकलो त्यांना पाटासमोर उभं करून किती बोलणार?

दुसऱ्या सामन्याला सरांनी मला बाकाला टेकवून उभं केलं. कुंकवासकट, तोंड मैदानाकडे. म्हणजे समोरच्या बाकाकडेही. मानपूरच्या शिक्षिका शशिकला मॅडम तिथे मांडीवर वही घेऊन बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि वहीत काहीतरी काढलं.

दहा मिनिटांत खेळ पालटला. शमिका उजवीकडे वळायच्या आधीच दोघीजणी तिथे उभ्या असायच्या. ती पुन्हा पुन्हा त्याच दारावर धडकत राहिली. विश्रांतीत मुली धापा टाकत माझ्याभोवती गोळा झाल्या.

"सर, उनकी लंबी वाली मला सोडतच नाहीये," शमिका म्हणाली.

"अरे, तो पीछे लगने दे. तू तेज जा."

"तेजच जातेय सर. ती आधीपासून तिथेच असते. जैसे घर हो उसका."

रुची म्हणाली, "मी एकदम मोकळी असते ताई. बोअर होतेय तिकडे उभी राहून."

सगळ्या हसल्या. सर हसले नाहीत. विनीताताईने पेन काढली, पण माझ्यावर जागाच नव्हती. जुन्या जाड रेघांवर नवी रेघ दिसणार तरी कशी? मग तिने आपल्या तळहातावर छोटं मैदान काढलं, डाव्या कोपऱ्याकडे एक बाण काढला आणि हात रुचीसमोर धरला. शमिकानेही मान पुढे करून पाहिलं.

पुढच्या तीन मिनिटांत शमिकाने दोनदा चेंडू रुचीकडे फेकला. दोन्ही वेळा तो आत गेला. पाठीमागच्या पायरीवरून कोणीतरी इंदुरी ठसक्यात म्हणालं, "भिया, ही कुठे लपवून ठेवली होती?" सरांनी लगेच रुचीला बाहेर बोलावलं.

"फळ्यावर होतं का ते?" त्यांनी विचारलं.

 रुचीने विनीताताईच्या हाताकडे पाहिलं. ताईने मूठ मिटली.

"मी सांगितलं होतं सर," ताई म्हणाली.

"मैदानावर दोन-दोन सर नसतात, विनीता."

रुची उरलेला सामना बाकावर बसली. आम्ही तीन गुणांनी हरलो. मी तिच्या पायाशी होतो. ती बुटाच्या नाडीची गाठ सोडायची आणि पुन्हा बांधायची.

तिसरा सामना रविवारी सकाळी झाला. निवड करणारे तिघे पहिल्या रांगेत बसले होते. शमिकाने केस घट्ट बांधले होते. त्याआधी ताईने सरांना बाजूला घेतलं. मी सरांच्या काखेत होतो, म्हणून ऐकलं.

"सर, निदान मधेमधे तिला बसवा. चारही क्वार्टर एकटीच पळते. काल पाय ओढत होती."

"आज निवड आहे तिची. आज बसवू?"

"पाय टिकला तर निवड ना सर."

सरांनी रुचीला आजही बाकावरच बसवलं. त्यांनी मला बाकाला टेकवलं आणि माझ्या कुंकवाला बोट लावून स्वतःच्या कपाळाला लावलं.

तिसऱ्या क्वार्टरपर्यंत सामना बरोबरीत होता. शमिकाने जिवाचं रान केलं होतं. मग पुन्हा तोच डाव झाला. अनुश्री भिंतीसारखी उभी राहिली, शमिका तिला घासून उजवीकडे शिरली आणि बास्केटखाली दोघी उभ्या होत्या. शमिका उंच उडाली. खाली येताना तिचा पाय एकीच्या बुटावर पडला आणि गुडघा आत वळला.  ती नुसती बसली आणि गुडघा दोन्ही हातांनी धरून राहिली. ती जागा मी ओळखतो. माझ्यावर तिचं लाल चुंबक जिथे होतं, तीच ती जागा.

तिला उचलून नेलं. पंचांनी खेळ थांबवला होता. चौघी मुली आणि रुची माझ्याभोवती उभ्या होत्या. सरांनी खिशातून रुमाल काढला आणि ते मला पुसू लागले. कुंकू पसरलं. रेघ जागची हलली नाही. त्यांनी रुमालावर पाणी ओतलं, जोर लावला, नखाने खरवडलं.  मुली बघत होत्या.

"राहू द्या सर," विनीताताई हळूच म्हणाली. तिने पुन्हा तळहात पुढे केला.  या वेळी सर बाजूला झाले.

रुचीने त्यानंतर चार वेळा बास्केट केली. तरी आम्ही पाच गुणांनी हरलो. शेवटी शशिकला मॅडम ताईशी हात मिळवायला आल्या.

"तुमची डावखुरी मुलगी आज पहिल्यापासून खेळली असती तर आम्हाला जड गेलं असतं," त्या म्हणाल्या. "आम्ही काही विशेष केलं नाही हो. तुम्हीच लिहून ठेवलं होतं."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

शमिकाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. निवडीच्या यादीत तिचं नाव नव्हतं आणि पुण्याची जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. जयसिंगरावांनी मैदानावर येणं सोडलं. एकदा ते ऑफिसात आले आणि मला खाली उतरवा म्हणाले. मंडळाचे सेक्रेटरी संताजीराव ऐकेनात. त्यांना पहिल्या सामन्याचा विजय तेवढा आठवतो. मानपूरला आठ गुणांनी हरवलं ही मंडळाची मोठी बात आहे. त्यांनीच मला हार घातला आणि खाली कागद चिकटवला, "विजयाचा डाव". पाहुणे येतात, चहा पितात, माझ्याकडे बघून मान डोलावतात. त्या डावाने पुढे काय केलं, ते कागदावर लिहिलेलं नाही.

मुलींना आता विनीताताई शिकवते. तिच्याकडे नवा फळा आहे. रोज सराव संपला की ती तो मुलींकडून पुसून घेते आणि उजेडात धरून बघते. ते मला खिडकीतून दिसतं. मला त्या फळ्याचा हेवा वाटतो.

गेल्या महिन्यात शमिका आली. तिला जुनं प्रमाणपत्र हवं होतं. ती आता कपड्यांच्या दुकानात हिशोब बघते. जिना चढताना ती कठड्याला धरते. संताजीराव कपाटात कागद शोधत होते, तेव्हा ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिने हार बाजूला सारला आणि बाणाच्या टोकावरचं आपलं लाल चुंबक नखाने उचकटून काढलं.

"अगं, ते तिथेच राहू दे ना," संताजीराव म्हणाले. "डाव अधुरा दिसेल."

"दिसू दे काका," ती म्हणाली.

खिडकीच्या उन्हाने मी सगळा पिवळा पडलो आहे. कुंकवाचे डाग आहेत, काळ्या रेघा आहेत. पण चुंबकाखाली रुपयाएवढी जागा अगदी पांढरी निघाली, कारखान्यातून आलो तेव्हा होती तशी. शमिकाने त्या जागेवरून अंगठा फिरवला. मग चुंबक पर्समध्ये टाकलं, प्रमाणपत्र घेतलं आणि ती कठडा धरून एकेक पायरी उतरत गेली.

मित्रांनो, मला हार नको, कुंकू नको. तुमच्याकडे माझा कोणी भाऊबंद असेल, तर जिंकल्यावर आधी त्याला पुसा. हरल्यावर सगळेच पुसतात.