बुडावरचा ठिपका

प्रयोगशाळेत टीराने जिवाणू वाढवायच्या बाराही डिशांची झाकणं काढून एकावर एक रचली आणि त्यांच्या आत धरलेली वाफ पुसायला कागद घ्यायला वळली, तोच तिच्या कोपराने सगळी चळत खाली आली. झाकणं गडगडत टेबलाखाली गेली. ती गोळा करताना तिच्या लक्षात आलं, की नावं फक्त झाकणांवरच लिहिली होती.

सहा डिशांत साधे जिवाणू होते, सहांत टीराचे. जिवाणूच्या अंगावर काही प्रथिनं असतात, तीच त्याची जीभ. आत्ताची चव क्षणापूर्वीच्या चवीशी ताडून बघायची; आवडतं खाणं वाढत असलं तर सरळ पोहत राहायचं, नाहीतर गिरकी घेऊन दिशा बदलायची, एवढंच त्याला कळतं. टीराने त्या प्रथिनात एका जागी बदल केला होता. त्याने जीभ तल्लख झाली, असं तिचं म्हणणं. म्हणजे मधोमध सोडलेल्या थेंबातून तिचे जिवाणू जास्त दूर जाणार आणि त्यांचं वर्तुळ मोठं दिसणार. तसं दिसलं, तर स्वीडनमधल्या उप्सालात संशोधनाला आणखी दोन वर्षं. नाही दिसलं, तर जूनमध्ये गाशा गुंडाळायचा.

तिने डिशांकडे पाहिलं. सहा वर्तुळं मोठी, सहा लहान. शंकेला जागाच नव्हती. मोठ्यांवर स्वतःची झाकणं, लहानांवर उरलेली. दोन मिनिटांत सगळं जागच्या जागी बसलं आणि तिच्या जिवात जीव आला.

प्रयोगशाळेतली मदतनीस इंगालिल आत आली. तीस वर्षं इथल्या डिशांत जिवाणूंच्या खाण्याचा थर तीच ओतत होती. टीराची सकाळची बस चुकली, म्हणून आज थेंबही तिनेच सोडले होते.

"काय म्हणतायत तुझी बाळं?"

"पुढे गेली! सहाच्या सहा!"

"अगं बाई! मग उद्याचा केक तुझ्याकडून."

हसत हसत इंगालिलने एक डिश उचलली. आतला थर इतका मऊ, की उलटी केली तर सगळं झाकणात यायचं. म्हणून तिने ती आडवीच डोक्यावर धरून खालून पाहिली. मग दुसरी पाहिली. तिसरीला तिचं हसू मावळलं.

"टीरा, झाकणं कधी पडली?"

टीराचे कान लाल झाले.

"मघाशी. पण तुला कसं..."

"तुझ्या डिशांना मी बुडाला ठिपका दिलाय. सवय आहे माझी. ठिपके लहान वर्तुळांखाली आहेत."

"मी फसवत नव्हते गं. मला खरंच वाटलं, मोठी माझीच."

"ठाऊक आहे मला." इंगालिलने डिश हळूच खाली ठेवली. "मेणाच्या पेन्सिलीचे आहेत ते. बोटानेसुद्धा पुसले जातात. मी कॉफीला चालले."

दार लागलं. टीराने एक डिश डोक्यावर धरली. लाल ठिपका, मसुराएवढा. तिला रडू आलं. मग डिश खाली ठेवून तिने झाकणांची अदलाबदल केली. बाराच्या बारा.

कॉफीच्या खोलीत प्राध्यापक होकान वेलदोड्याचा बन खात बसले होते.

"काय, टीरा? कितीशी पुढे गेली?"

"मागे राहिली, होकान."

इंगालिलने शेजारची खुर्ची ओढली. त्या खुर्चीपुढे टीराचा कप होता. कॉफी केव्हाची ओतून ठेवलेली होती, निवायला लागली होती.