एका गोधडीच्या दोन धनिणी

तिरोडीकडून आलेली बस बालाघाटला थांबली. आधी रुख्माबाई उतरली, मग तिची सवत मैनाबाई, आणि शेवटी दोघींचे डबे सांभाळत नवरा टिकाराम.

रुख्माबाईला गोधडीचं भारी वेड. लग्नघरी गेली तरी आधी अंथरुणाचा कोपरा उलटून टाके पाहणारी बाई ती. महिला मंडळानं शाळेच्या पटांगणात गोधड्यांचं प्रदर्शन मांडलंय आणि आपल्या घरून नेलेली गोधडी त्यात टांगलीय, हे कळल्यापासून तिला घास गोड लागेना. प्रत्येक गोधडीखाली एक आसन होतं. जिनं शिवली तिनं तिथं बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला टाका घालून दाखवायचा.

बैहरकडची एक गोधडी पाहत रुख्माबाई जरा रेंगाळली. तेवढ्यात मैनाबाईनं आसन धरलं.

"ऊठ व! माही गोधडी हाये."

"तुही कशी? थर कोनं लावले? तू तं सप्त्यात टाळ्या वाजवून राह्यलती!"

ते खरं होतं. रुख्माबाई हरिनाम सप्ताहाला गेली, तेव्हा मैनाबाईनं जुन्या कापडांचे थर लावून वरून कच्चे टाके घातले होते. मग एकीनं एका टोकाकडून, दुसरीनं दुसऱ्या टोकाकडून, पाठ फिरवून शिवत दोघी मध्यावर आल्या. टिकाराम ती मैनाबाईच्या खोलीत पांघरून निजायचा.

मंडळाच्या पुष्पलताबाई धावत आल्या. "एक गुदडी, एक बाई! फैसला कर लो, नहीं तो उतार दूँगी."

दोघींनी नवऱ्याकडे पाहिलं.

"मी जरा चहा पिऊन येतो," टिकाराम म्हणाला.

"जा, तोच तुमचा धंदा!" मैनाबाई म्हणाली.

"फैसला सोपा हाये," रुख्माबाई म्हणाली. "तुहे टाके तुले, माहे मले."

तिनं गोधडी खाली ओढली, कात्री काढली आणि मैनाबाईचे टाके उसवायला घेतले. आख्यान रंगात यावं आणि श्रोत्यांनी पुढे सरकावं, तशी माणसं भोवती गोळा झाली. ओळीमागून ओळ सुटली. वरचा थर बाजूला झाला, आणि आतून हिरवं करवतकाठी लुगडं दिसलं.

रुख्माबाईचं लग्नाचं लुगडं! भांडेवालीनं चोरलं म्हणून वर्षभर तिनं त्या बिचारीला दारात उभं केलं नव्हतं.

"हौ, मीच घातलं," मैनाबाई म्हणाली.

"काहून व?"

"दर सणाले तू ते नेसून मिरवाची, म्हनाची, 'मी पह्यली, मी लग्नाची!' म्हटलं, लोळू दे त्याले आता माह्या खोलीत."

गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं.

रुख्माबाईचा हात थांबला. उरलेल्या अर्ध्या भागात तिचेच टाके होते. ज्या टाक्यांचा तिला एवढा अभिमान, तेच आपल्या लुगड्यातून आरपार गेले होते. लुगडं ओढून काढावं तर त्याच्या चिंध्या होणार आणि गोधडीची नुसती खोळ उरणार. ठेवावं तर ते सवतीनं पुरलं तिथंच राहणार.

"अम्मा, मेहमान आ रहे हैं. हटा दूँ क्या?" पुष्पलताबाईंनी विचारलं.

रुख्माबाईनं गोधडीवरून तळवा फिरवला. देवा, एवढा सारखा टाका तिच्या हातून जन्मात पडला नव्हता. संताप आला तो त्याचाच.

तिनं मैनाबाईचा राहिलेला दोरा ओढून काढला, लुगडं होतं तिथंच सपाट केलं आणि वरचा थर पसरला.

"सुई दे."

"माही सुई काहून देऊ?"

शेजारच्या आसनावरच्या बाईनं आपली सुई पुढे केली. रुख्माबाईनं लुगड्यासकट टाका घातला. "ऊठ आता. तुहा एक बी टाका नाही राह्यला हिच्यात."

मैनाबाई उठली. "अन् घरी गेल्यावर?"

"घरी बी माहीच. ज्याले थंडी वाजन, तो माह्या खोलीत येईन."

"नाही आला तं?"

"तं कुडकुडत राहा दोघं!"

पाहुणे आले. रुख्माबाई आसनावर बसली आणि सवतीकडे पाठ करून धावदोरा कसा ओढायचा ते दाखवू लागली. मैनाबाई गेली नाही. पदर कमरेला खोचून ती मागे येऊन उभी राहिली, नेमकी उजेडाच्या आड, टाक्यावर सावली पडेल अशी.